हे पटायाला निघालेत आणि मी चौथ्या महिन्यात आहे

आदरणीय ताई,
मी चोपडा तालुक्यातली. यांचं कृषी सेवा केंद्र आहे. यंदा कपाशीच्या बियाण्याचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीनं थायलंडची सहल दिली आहे. पटायात दोन रात्री, बँकॉकमध्ये दोन. आमच्या भागातले पंधरा-वीस दुकानदार सोबत आहेत. मला चौथा महिना सुरू आहे. मोबाइलवर रोज काही ना काही येतं, तिकडे डेंग्यू वाढलाय, झिका आहे, मंकीपॉक्सचा पेशंट सापडला. त्यात पटाया म्हणजे काय, ते आम्हा बायकांनाही आता ठाऊक आहे. गेल्या वर्षी जाऊन आलेल्यांचे व्हिडिओ गावभर फिरले. सासूबाई म्हणतात, तूही पैसे भरून सोबत जा, म्हणजे चिंता नको. यांच्याजवळ विषय काढला की म्हणतात, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" आणि बोलणं तिथंच थांबतं. आईला सांगितलं तर ती घाबरेल. कोणले सांगू? यांना अडवू का? माझं नाव छापू नका.

*

तू सोबत जाऊ नकोस. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी.

सासूबाईंचा हेतू वाईट नाही. सून बरोबर असली की मुलगा ताळ्यावर राहील, एवढंच त्यांच्या मनात आहे. पण नवऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी पोटातल्या जिवाला तिकडे न्यायचं, हे मला पटत नाही. थायलंडमध्ये डेंग्यू आणि झिका दोन्ही आहेत, आणि आपल्याकडच्यासारखेच पावसाळ्यात डास वाढतात. झिका असलेल्या देशात गरोदर बाईनं शक्यतो जाऊच नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. तुझ्या डॉक्टरांना विचारून घे, त्याही हेच सांगतील आणि सासूबाईंना त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

झिका मोठ्या माणसाला फारसा छळत नाही. थोडा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधे दुखतात, आठवड्यात उतरतं. पाचातल्या चार जणांना तर काही जाणवतही नाही. पण गरोदर बाईला झाला तर तो बाळापर्यंत पोहोचू शकतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ब्राझीलमध्ये २०१५ मध्ये लहान डोक्याची बाळं मोठ्या संख्येनं जन्मू लागली तेव्हा जगाला हे कळलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, आणि त्याच वर्षी थायलंडनंही झिकामुळे डोकं लहान राहिलेली दोन बाळं आढळल्याचं सांगितलं. संसर्ग झालेल्या प्रत्येक आईच्या बाळाला त्रास होतोच असं मुळीच नाही, बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. तरीही जो धोका टाळता येतो तो टाळावा. आणि हा काही फक्त परदेशातला आजार नव्हे. महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, २०२४ मध्ये पुणे शहरात गरोदर बायकांनाही झाला.

तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. झिका डासातून पसरतो, तसाच शरीरसंबंधातूनही पसरतो. पुरुषाच्या वीर्यात तो ताप उतरल्यानंतरही बरेच दिवस राहू शकतो, ताप आलाच नसला तरी राहू शकतो. म्हणून अशा देशातून आलेल्या पुरुषाची बायको गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत कंडोम वापरायचा किंवा संबंध टाळायचा, असा वैद्यकीय नियमच आहे. बायको गरोदर नसेल तर ही मुदत तीन महिने.

हा नियम कुणाला लागू होतो ते बघ. पटायातल्या बारच्या गल्लीत, वॉकिंग स्ट्रीटवर, पहाटेपर्यंत हिंडणाऱ्याला लागू आहे, आणि नऊ वाजता खोलीत जाऊन झोपणाऱ्यालाही तेवढाच. झिका-डेंग्यूचा एडिस डास जास्त करून दिवसा चावतो, सकाळी उन्हं वर येताना आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी. पटायाजवळच्या कोरल आयलंड बेटाच्या वाळूत अर्ध्या चड्डीवर बसलेल्या भल्या माणसाचेही पाय तो फोडून काढील. म्हणजे तुला जी काळजी घ्यायची आहे तिच्यासाठी नवऱ्याकडून कबुली घ्यायची गरजच नाही. त्यानं काय केलं, कुठं गेला, कुणाबरोबर बसला, काहीही असो, घरी आल्यावर करायचं ते एकच आहे.

म्हणून बोलताना "तिथं काय करणार?" इथून सुरुवात करू नकोस. त्या प्रश्नाला "विश्वास नाही का?" हेच उत्तर येणार, कारण तो प्रश्न त्याला आरोपासारखा लागतो. साधं म्हण, "तिकडे झिका झाला तर तुम्हाला फारसं काही होणार नाही, पण बाळाला होऊ शकतं. डॉक्टर म्हणतात, आल्यावर बाळंतपणापर्यंत कंडोम वापरायचा. मला तसंच हवंय." एवढंच, आणि त्यावर वाद नको. तरी त्यानं उडवून लावलं तर पुढच्या तपासणीला त्याला घेऊन जा. बायकोनं सांगितलेलं हसण्यावारी जातं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कानात शिरतं, याची मला आजही चीड येते. पण बाळासाठी ती वाट धरायला हरकत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, अडवू का?

मला विचारशील तर नको. डीलरशिप, कंपनीच्या माणसांशी संबंध, बाकीच्या दुकानदारांत ऊठबस, हे सगळं त्या सहलीला चिकटलेलं असतं, आणि त्याच्या दुकानावर तुमचं घर चालतं. आणखीही एक कारण आहे. सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. समोरच्या खुर्चीत जे पुरुष उशिरा आले, फार उशिरा आले, त्यांच्यातले बरेच जण आजारापेक्षा घरात कळेल या भीतीनं थांबलेले होते. अंगावर फोड आला तर मेडिकलवरून मलम आणायचं, लघवीला जळजळ झाली तर मित्राच्या सांगण्यावरून गोळ्या घ्यायच्या, आणि घरी बायकोशी नेहमीसारखं वागायचं, म्हणजे तिला संशय नको. त्या "नेहमीसारखं वागण्यातून" आजार तिच्यापर्यंत गेलेला मी पाहिला आहे. रागावून, शपथा घालून पाठवलेला माणूस तिथं काही झालं तर तुला ते सांगणार नाही. डोकं शांत ठेवून पाठवलेला निदान डॉक्टरला तरी सांगेल.

हे आपल्यापुरतंच नाही. मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात दक्षिण कोरियात सोलच्या इतेवॉन भागातल्या नाइटक्लबांमधून साथ पसरली, दोनशेंहून जास्त लोकांना लागण झाली. क्लबांनी येणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर लिहून घेतले होते, पण कितीतरी नंबर खोटे निघाले. त्यातले काही क्लब समलिंगी लोकांचे होते, तिथं गेलो हे घरी किंवा नोकरीवर कळलं तर काय, या धास्तीनं माणसं तपासणीला येईनात. इंचॉनमधल्या एका खासगी शिक्षकानं चौकशीला आलेल्यांना "मी बेरोजगार आहे" असं सांगितलं. तोवर त्याच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना लागण झालेली होती. पुढे त्याला तुरुंगवास झाला. मग सोलच्या प्रशासनानं नाव न विचारता तपासणी सुरू केली, फक्त फोन नंबर घ्यायचा, आणि लोक येऊ लागले. थायलंडला तर हे फार आधी कळलं होतं. एचआयव्हीची साथ भरात असताना १९८९ मध्ये रात्चबुरी प्रांतात आणि १९९१ मध्ये देशभर त्यांनी देहविक्रीच्या ठिकाणी शंभर टक्के कंडोमचा नियम आणला. जाणाऱ्याला पकडत बसले नाहीत, कंडोमशिवाय व्यवहार होणार नाही एवढं पाहिलं. नव्या लागणी झपाट्यानं कमी झाल्या. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचं निनावी तपासणी केंद्रही १९९१ मध्येच उघडलं. लाज बाजूला ठेवली म्हणून हजारो जीव वाचले, हे मी मनापासून मानते.

तुझ्या पत्रात "तिकडच्या बायकांकडून काय काय येतं" अशा अर्थाचं एक वाक्य होतं, ते मी वर छापलं नाही. पण त्याबद्दल बोलायला हवं. आजार बऱ्याचदा जाणाराच घेऊन जातो. मंकीपॉक्सच्या नव्या उपप्रकाराचा आशियातला पहिला रुग्ण ऑगस्ट २०२४ मध्ये थायलंडमध्ये सापडला, तो आफ्रिकेतून आलेला एक युरोपीय माणूस होता. त्या बायका आपल्यासारख्याच कुणाच्या तरी लेकी आहेत. रोज नवा परदेशी पाहुणा कुठून काय घेऊन येतोय, ते त्यांना कुठं माहीत असतं? धोका त्यांनाच जास्त आहे.

इथून पुढचा मजकूर तू फोनवर फोटो काढून नवऱ्याला पाठव. त्याच्याशीच बोलते.

भाऊ, तुम्ही कष्टानं टार्गेट गाठलंत, सहल तुमच्या हक्काची आहे. जा, समुद्र बघा, अल्काझारचा नाचगाण्यांचा शो बघा. मी तुम्हाला उपदेश करणार नाही, फक्त चार रात्रींत काय सांभाळायचं ते सांगते.

डासाचं आधी. ओडोमॉस किंवा डीट हे डास पळवणारं औषध असलेलं मलम बॅगेत ठेवा आणि सकाळपासून लावा, रात्री झोपताना नव्हे. घोटे आणि पावलं विसरू नका, एडिसला तीच जागा आवडते. उन्हासाठी क्रीम लावणार असाल तर ते आधी, डासांचं त्यावर. फुल पँट घाला. बायको घरी गरोदर आहे म्हणून हे इतरांपेक्षा तुम्हाला जास्त लागू आहे.

दारूचं. घेणारच असाल तर बाटली तुमच्यासमोर उघडलेली हवी, आणि ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवीन घ्या. बादलीत कालवून देतात ती स्वस्त दारू आणि फुकटचे शॉट नकोतच. शेजारच्या लाओसमध्ये वांग व्हिएंग इथं नोव्हेंबर २०२४ मध्ये मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक गेले. विषारी दारू आपल्या राज्याला नवी नाही, २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली होती. मिथेनॉलचा घात असा की रात्री नेहमीसारखीच चढल्यागत वाटतं, आणि अर्ध्या-एक दिवसानं डोळ्यांपुढे धुकं येतं, पोटात कळा येतात, श्वास जोरात चालतो. उतरली नाही म्हणून झोपून राहू नका, झोपलेल्याला झोपू देऊ नका. लगेच दवाखाना. वेळेत उपचार मिळाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

एकट्यानं कुठं जाऊ नका. ग्रुपमध्ये ज्याला कमी चढते आणि ज्याचं इतर ऐकतात असा एक जण रोज ठरवा. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, त्याचा फोटो मोबाइलमध्ये, हॉटेलचं कार्ड खिशात. बारमध्ये बसण्याआधी दर विचारा. बाहेर माणूस "फ्री शो" म्हणून आत नेतो आणि बिल हजारोंचं येतं, असं झालं तर आत भांडू नका, बाहेर येऊन पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा, इंग्रजीत बोलता येतं. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर १६६९. ई-सिगारेट तिथं बेकायदा आहे, हातात धरू नका. आणि परतताना कुणाचंही पार्सल, कुणाचीही बॅग घेऊ नका, मग तो ग्रुपमधला जुना मित्र का असेना. बँकॉकहून आलेल्या विमानांतल्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा वारंवार पकडला जातो. त्यात सापडलेल्याला जामीनसुद्धा सहज मिळत नाही. भाड्याची स्कूटर पिऊन चालवू नका. प्रवास विम्यात दारू पिऊन झालेल्या अपघाताचे पैसे बहुधा मिळत नाहीत, आणि कंपनीनं सगळ्यांचा विमा काढला आहे का हेच आधी एरिया मॅनेजरला विचारा.

राहिलं ते. "चल रे, एकदा तर बघून घे" असं म्हणणारे असतीलच. नाही म्हणायचं असेल तर बायको गरोदर आहे हे सांगायला लाजू नका, समजूतदार माणसं पुन्हा आग्रह करत नाहीत. आणि तरीही पाऊल तिकडे वळलं, तर कंडोमशिवाय नाही. इथूनच घेऊन जा. समोरच्या माणसाच्या किंवा स्वतःच्या अंगावर, तोंडाजवळ, गुप्तांगावर पाणी भरलेले किंवा पिकलेले फोड दिसले तर जवळ जाऊ नका. मंकीपॉक्स अंगाला अंग लागून पसरतो आणि कंडोम त्याला पुरता अडवत नाही. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर बहात्तर तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करता येतात, अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली, म्हणून भारतात येईपर्यंत वाट बघू नका, तिथल्याच मोठ्या दवाखान्यात जा. ती वेळ निघून गेली असेल किंवा मनात नुसती शंका असेल, तर जळगाव किंवा धुळ्याच्या सिव्हिलमध्ये आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र, विचारा, गुप्तरोगाची तपासणी सुरक्षा क्लिनिकमध्ये होते. एचआयव्हीची तपासणी मोफत असते आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला तुमचा अधिकार आहे. ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती वाटत असेल तर दुसऱ्या जिल्ह्यात जा, पण जा. आधी फोनवर बोलायचं तर १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण नव्या लागणीत सुरुवातीला रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बायकोला सांगायचं की नाही हे ठरवायला समुपदेशक मदत करतात. तोवर तिच्यापासून दूर राहण्यासाठी कारण शोधावं लागणार नाही, झिकाचं कारण आहेच.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, माय.

तो परत आला की पहिले तीन आठवडे त्यानं घरीसुद्धा डासांपासून जपायचं. याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. त्याच्या रक्तात विषाणू असेल आणि तुमच्या घरातला एडिस त्याला चावला, तर तोच डास पुढे तुला चावू शकतो. आपल्याकडे नळाला कित्येक गावांत आठ-आठ दिवस पाणी येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम, टाकी, रांजण भरलेले. तिथंच हा डास वाढतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. ओटीवरच्या कूलरमध्ये उन्हाळ्याचं पाणी अजून पडून असेल तर आजच काढायला सांग. टाकी रिकामी करता येत नसेल तर आशाताईंना अ‍ॅबेट हे डासांच्या अळ्या मारणारं औषध टाकायला किंवा गप्पी मासे सोडायला सांग. तू ड्रम उचलू नकोस, हे काम त्याचं आहे, आणि जाण्याआधी करून जाऊ दे.

आल्यावर दोन आठवड्यांत त्याला ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय काही देऊ नका. अंग फार दुखतं म्हणून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, अ‍ॅस्पिरिन नको, डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढतो. गावातल्या डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य "हे थायलंडहून आलेत" असं असू दे. आपल्याकडचा डॉक्टर तापाला टायफॉइड, मलेरिया धरून चालतो, कुठून आलात हे सांगितल्याशिवाय त्याला झिका सुचणार नाही. सरकारी यंत्रणेमार्फत रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेपर्यंत पाठवता येतं. डेंग्यूचा खरा घात ताप उतरताना होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं किंवा चुळबुळ, यातलं काही दिसलं की बरा होतोय असं समजून घरी ठेवू नका. अंगावर फोड उठले तर एकवीस दिवसांपर्यंत मंकीपॉक्सची शंका धरायची.

आणि ताप तुला आला, अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि नवऱ्याचा प्रवास सांग. पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी चुकवू नकोस, बाळाच्या डोक्याची वाढ त्यात नीट दिसते. गरोदरपणाच्या सुरुवातीला तुझी एचआयव्ही आणि सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी झाली असेल, ती सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा करायला सांग. त्यासाठी नवऱ्याकडे बोट दाखवायची गरज नाही, "नवरा परदेशातून आलाय" एवढं कारण पुरे आहे. सिफिलिस निघाला तरी पेनिसिलिननं तुझ्यावर आणि बाळावर एकदमच उपचार होतात, फक्त तो वेळेत कळायला हवा.

आईला सांगायचं की नाही हे तूच ठरव. पण डॉक्टरबाईंना सांगायचं टाळू नकोस. पुढच्या तपासणीची तारीख त्याच्या जाण्याआधीची घे आणि त्याला बरोबर घेऊन जा.